दोन दिवे, चार तास

डिसेंबर लागला की आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे अवरेकाईचे ढीग येतात. पावट्याच्या जातीची ही शेंग. बेंगळुरूची थंडी आणि ही शेंग बरोबर येतात आणि बरोबरच जातात. सोलताना बोटांना एक तेलकट, हिरवट वास लागतो, तो साबणानं जात नाही. मला तो वास फार आवडतो असं नाही. तरी दरवर्षी मी शेंगा घेते, एकटीला लागतात त्याच्या चौपट घेते, आणि बाल्कनीत सोलत बसते. या दिवसांत सूर्य दक्षिणेला उतरलेला असतो. वर्षभर उंबऱ्याबाहेर राहणारं ऊन आता सरळ आत येतं आणि दिवाणाच्या पायापर्यंत पोचतं.

व्हाइटफील्डच्या आमच्या सोसायटीत परवा गच्चीवर सोलर बसवायची चर्चा झाली. कंपनीचा एक तरुण आला होता. त्यानं प्रत्येकाला महिन्याचे युनिट विचारले, फोनवर आकडे घातले आणि अर्ध्या मिनिटात कुणाला किती पॅनेल लागतील ते सांगून टाकलं. माणूस चांगला होता, हिशोबही बरोबरच असणार. मी मात्र गच्चीच्या कठड्याशी उभी राहून समोरच्या टॉवरची सावली कुठवर येते ते बघत होते. एका घराला किती पॅनेल लागतात हे कळायला मला एकदा एप्रिलपासून जानेवारीपर्यंतचा काळ लागला होता.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं तेव्हाची गोष्ट. मी सोलापूरहून नुकतीच आलेली, बावीस-तेवीस वर्षांची इंजिनियर. शेवटच्या वर्षाला असताना आई गेली. त्यानंतर घरात वडील आणि मी दोघंच, आणि दोघंही कमी बोलणारे. संध्याकाळी ते एका खोलीत वर्तमानपत्र वाचत, मी दुसऱ्या खोलीत. पहिली नोकरी लांबची मिळाली तेव्हा मला वाईट वाटण्याऐवजी सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याचं पुढे खूप दिवस वाईट वाटत राहिलं.

नोकरी सूर्यावर चालणारे दिवे बसवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होती. मालक मूर्ती सर धरून आम्ही सहा माणसं. बाकीचे कन्नड आणि तमिळ बोलत. माझं सोलापुरी कन्नड ऐकून त्यांना हसू यायचं, म्हणून मी कामापुरतंच बोलायचे. राहायला चामराजपेटेत होते, रुक्मिणीबाईंच्या घराच्या वरच्या खोलीत. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. घरात मराठी, पण कन्नडचे तुकडे शिवलेली. "स्वल्प थांब, कॉफी घालते," असं त्या म्हणत. मी कॉफी प्यायचे आणि वर जायचे. रविवार तर संपता संपत नसे. खाली रस्त्यावर अगरबत्तीच्या दुकानातली माणसं, शिंपी, रिक्षावाले सगळे एकमेकांना हाका मारत असायचे, आणि त्या सगळ्या हाकांत माझं नाव कधी नसायचं.

कंपनीत माझं काम म्हणजे घरोघरी जाऊन हिशोब करायचा. दिवे किती, किती वॅटचे, रोज किती तास. त्यांचा गुणाकार. बॅटरीत आणि तारांत वाया जाईल ते त्यात धरायचं. मग पॅनेलवर दिवसाला किती तास चांगलं ऊन पडेल त्यानं भागायचं. उत्तर येईल तेवढी पॅनेल. छापील फॉर्मवर एक रकाना होता, दिवा कशासाठी हवा आहे याचा. लोक अभ्यास, स्वयंपाक, गोठा, देवघर असं काहीतरी सांगत.

एप्रिलमध्ये एकदा रुक्मिणीबाई म्हणाल्या, "आमच्या कमलाकडे जाऊन ये की. बेळ्ळंदूरला घर बांधून बसलीय, अजून करंटचा खांब नाही आला तिथवर. कंदिलावर दिवस काढतात दोघी."

कमला म्हणजे त्यांची चुलतबहीण, सगळे तिला कमलक्का म्हणत. पंचावन्नच्या आसपासची, लग्न न झालेली, शहरातल्या एका सहकारी संस्थेत कारकून. दुसरी तिची वहिनी, शांताबाई. कमलक्काच्या भावानं तळ्यापलीकडे जागा घेऊन तिथे तीन खोल्यांचं घर बांधलं आणि वर्षाच्या आत तो वारला. मागे राहिल्या नणंद-भावजय दोघी. बेळ्ळंदूर तेव्हा गाव होतं. तळ्याकाठी भाताची खाचरं होती, बगळे होते, आणि बसमधून उतरल्यावर वीस मिनिटं बांधावरून चालावं लागे.

मी मधल्या खोलीत फॉर्म काढून बसले आणि शांताबाईंना विचारलं, "दिवे किती हवेत?" त्या माझ्या तोंडाकडे रोखून बघत राहिल्या. मी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं.

कमलक्का म्हणाली, "मोठ्यानं नको. वहिनीला ऐकू येत नाही. दहा वर्षांमागे ताप आला त्यात दोन्ही कान गेले. ओठ बघून कळतं तिला, पण माझेच. तुझं बोलणं पळतं." मग तिनं वहिनीकडे पूर्ण वळून, एकेक शब्द सोडत सांगितलं, "ती विचारते, दिवे किती पाहिजेत."

"दोन," वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, थोडा सपाट. "एक चुलीपाशी, एक इथे."

"रोज किती तास लागतील?" मी कमलक्काला विचारलं, तिनं वहिनींना.

"तू किती बोलणार त्यावर आहे," वहिनी नणंदेला म्हणाल्या.

कमलक्का हसली. "मग चार तास घाल," ती मला म्हणाली. मग हसू आवरून तिनं सांगितलं, "खरंच सांगते. मी सकाळी सातला जाते, सहाला परत येते. बोलायचं ते सगळं संध्याकाळी. कंदिलाचा उजेड खालून येतो, तोंडावर नाकाची सावली पडते. तिला ओठ दिसत नाहीत. मग आम्ही जेवतो आणि झोपतो."

वहिनी आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघत होत्या. दिवा कशासाठी, या रकान्यात मी लिहिलं, बोलायला. मूर्ती सरांनी तो फॉर्म वाचताना चष्मा वर केला, माझ्याकडे बघितलं, आणि सही केली.

उत्तर एक पॅनेल आलं. त्यातही थोडं उरत होतं. एप्रिलच्या भर दुपारी आम्ही ते गच्चीवर बसवलं. ऊन इतकं डोक्यावर होतं की माझी सावली माझ्याच चपलांखाली मावली होती. दक्षिणेच्या कुंपणाला तीन उंच सिल्व्हर ओक होते, वहिनींच्या नवऱ्यानं जागा घेतली तेव्हाच, घराच्या कितीतरी आधी लावलेले. त्यांच्याही सावल्या त्यांच्या बुंध्यांशी गोळा झालेल्या. मी गच्चीवर चारी बाजूंना बघून फॉर्मवर लिहिलं की सावली नाही. खाली येऊन दोघींना बजावलं, चारच तास, त्याहून जास्त जाळायचा नाही, नाहीतर बॅटरी खराब होईल. कमलक्कानं शाळेतल्या मुलीसारखी मान हलवली.

मधल्या खोलीतला दिवा मी भिंतीवर, डोक्याच्या जरा वर लावला होता. त्याच्यासमोर बसणाऱ्याचा सगळा चेहरा उजळायचा. ती जागा कमलक्काची ठरली. त्यानंतर मी बहुतेक रविवारी तिकडे जाऊ लागले. दिवा बघायला जाते, असं मी स्वतःला सांगत असे. कमलक्का त्या जागेवर बसून आठवडाभराचं पुन्हा पुन्हा सांगे, बसमधली भांडणं, साहेबाचा खोकला, बाजारात काय आलं ते. वहिनी तिच्या तोंडावरून नजर न काढता ऐकत. ऐकत असंच म्हणावंसं वाटतं. मी काही सांगितलं तर कमलक्का ते माझ्याकडून घेऊन वहिनींना देई. मला ते सोयीचं होतं. दुसऱ्या कुणाच्या तोंडून गेलं की आपलं बोलणं आपल्याला फारसं बांधत नाही. पावसाळा गेला, ढगांतसुद्धा दिवे चालले.

नोव्हेंबरात कंपनीनं मला मलनाडात पाठवलं. डोंगरात, सुपारीच्या बागांमधली घरं, एकेक घर मैलभर लांब. आठ आठवडे मी तिकडेच होते. तिथे सहाला अंधार पडायचा. घरमालकाच्या पडवीत मी जेवायचे, आणि मनात बेळ्ळंदूरच्या खोलीतला तो दिवा लावून बसायचे. त्यांना एक पत्र टाकावं असं रोज वाटे. टाकलं नाही. काय लिहायचं, असा प्रश्न पडायचा. त्या आपल्या बोलत बसल्या असतील, त्यांना माझी काय कमी, असंही वाटायचं.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी मी परतले आणि संध्याकाळी रुक्मिणीबाईंनी दिलेला तीळगुळाचा पुडा घेऊन तिकडे गेले. अंधार पडत आला होता. दार उघडंच होतं. मधल्या खोलीत कंदील होता आणि त्याच्या दोन बाजूंना दोघी बसल्या होत्या, मध्ये अवरेकाईचा ढीग. शेंगा फोडल्याचा टक टक आवाज येत होता. बाकी काही नाही. माझ्या पावलांनी कमलक्कानं मान वर केली. वहिनींनी केली नाही.

"दिवा का नाही लावला?" मी विचारलं.

"लागतो. वीस मिनिटं लागतो, मग लाल होतो."

"कधीपासून?"

"झाला की महिना. नाही, जास्तच."

"मग कार्ड का नाही टाकलं? ऑफिसात यायचं होतं."

कमलक्का शेंगा सोलत राहिली. "तू म्हणालेलीस ना, जास्त जाळू नका. वाटलं आमच्याच हातून झालं. मग तीन तास केला. मग दोन. मग स्वयंपाकघरातला लावणंच सोडलं. तरी जातोच. तुला काय तोंडानं सांगायचं?"

मी बॅटरी बघितली, तारा बघितल्या. सगळं जागच्या जागी होतं. स्वयंपाकघरात उभी राहून मी पुन्हा पुन्हा तोच गुणाकार करत होते आणि तो पुन्हा पुन्हा बरोबर येत होता. इतक्यात वहिनी आत आल्या. त्यांनी फळीवरच्या डब्यातून एक आंतर्देशीय पत्र काढून माझ्या हातात दिलं. धारवाडहून त्यांच्या भावाचं होतं. संक्रांत झाली की न्यायला येतो, ट्रंक बांधून ठेव, असं लिहिलं होतं.

"मी जाते इथून," त्या म्हणाल्या. आपण हळू बोलतोय असं त्यांना वाटलं असेल, पण त्यांचा आवाज त्यांना कळत नसे. "कमला रागावलीय माझ्यावर. दिवाळीत जागा विकायचं कुणी काढलं, मी नको म्हटलं. ते मनात धरलंय, आता बोलत नाही. महिना झाला. तिच्यावर ओझं होऊन कशाला राहू?"

हे बाहेर सगळं ऐकू गेलं. कमलक्का दारात येऊन उभी राहिली होती. हातातला दाण्यांचा वाडगा तसाच. तिनं बोलायला तोंड उघडलं, पण कंदील तिच्या पाठीमागे होता. वहिनींना नुसती एक काळी आकृती दिसत होती. हे तिच्याही लक्षात आलं, आणि ती तशीच तोंड मिटून उभी राहिली.

रविवारी तर दिवसा दोघी घरी असता, तेव्हा का नाही बोललात, असं मी नंतर विचारलं होतं. कमलक्का म्हणाली, "पहिल्या रविवारी धुणं होतं. दुसऱ्या रविवारी ती गप्प होती. तिसऱ्या रविवारी मी पण."

त्या रात्री मी तिथेच राहिले. सोमवारी कमलक्कानं रजा घेतली. सकाळी नऊला मी खडू घेऊन गच्चीवर चढले आणि दर अर्ध्या तासाला सावलीच्या कडेवर रेघ मारत बसले. फार रेघा लागल्या नाहीत. दहाच्या सुमाराला पहिल्या ओकची सावली पॅनेलच्या कडेला लागली. तिच्यामागून दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. जाळीदार, पातळ सावली, वाऱ्यावर हलणारी, बघणाऱ्याला तीत काही वाईट दिसू नये अशी. पण पॅनेलच्या एका पट्टीवर सावली पडली की सगळं पॅनेल मंदावतं. भर उन्हाचे तास तिथेच जात होते. एप्रिलमध्ये सूर्य डोक्यावर होता म्हणून मी त्या झाडांकडे निर्धास्त बघितलं होतं. तो पुढे दक्षिणेला उतरणार आहे, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. मला ठाऊक होतं. मी धरलं नव्हतं, एवढंच. घराचा हिशोब त्याच्या सगळ्यात वाईट महिन्यावरून करायचा असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

कमलक्का वर आली. मी तिला रेघा दाखवल्या. "चूक माझी आहे," मी म्हटलं. "तुम्ही काहीच जास्त जाळलं नाही."

तिनं झाडांकडे बघितलं. "तोडायची का?"

वहिनी जिन्याच्या तोंडाशी होत्या. नणंदेचं तोंड उन्हात होतं, त्यांनी वाचलं. त्या म्हणाल्या, "तोडायची तर तोडा."

त्या झाडांना त्यांच्या नवऱ्यानं विहिरीतून पाणी घातलं होतं. मी घाईनं सांगितलं, तोडायला नकोत. विहिरीपलीकडे उत्तरेच्या कोपऱ्यात दिवसभर ऊन आहे, तिथे खांब रोवून पॅनेल त्यावर बसवू. तार लांब लागेल, बाकी काही नाही. पॅनेल एकच पुरेल. आकडा पहिल्यापासून बरोबर होता आणि तरी त्या आकड्यानं दोन बायकांचा महिना गप्प गेला होता.

खांब बुधवारी लागला. गुरुवारी संध्याकाळी मी ऑफिसातून तिकडे गेले. दिवा लागला आणि लागलेला राहिला. पहिला अर्धा तास सगळ्या दिव्याकडेच बघत होतो, आता जातो की मग जातो. मग कमलक्का आपल्या जागेवर जाऊन बसली.

वहिनी म्हणाल्या, "तू बोलत नव्हतीस."

"बोलत होते," कमलक्का म्हणाली. "रोज बोलत होते गं. अंधारात. सवयच आहे ना मला. तुला दिसत नव्हतं."

वहिनींनी विचारलं, "काय बोलत होतीस?"

"रोजचंच."

"सांग मग."

मी स्वयंपाकघरात गेले आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसले. दुसऱ्या दिवशी वहिनींनी धारवाडला कार्ड टाकलं की येत नाही.

मूर्ती सरांना मी सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. फॉर्ममध्ये डिसेंबरच्या सावलीचा एक रकाना घालायला सांगितला आणि म्हणाले, "सरी, ठीक आहे, आता शिकलीस." पुढे त्या कामात मी वीस वर्षं काढली, शेकडो घरांची गणितं केली. दिवे आणि तास लोक सांगतात. बाकीचं सांगत नाहीत, आणि संकोचानं कमी कमी करत एका दिव्यावर येतात, हे मला त्या घरानं दाखवलं. पण हे सांगून त्या महिन्याची भरपाई झाली असं मला कधीच वाटलं नाही.

आता बेळ्ळंदूरला त्या जागेवर काय आहे ते मला नीट सांगता येणार नाही. एकदा शोधायला गेले होते. रिंगरोडच्या कडेला काचेच्या इमारती, सगळ्या सारख्या, आणि तळ्यातल्या सांडपाण्याचा, वाऱ्यावर उडत येणारा पांढरा फेस. विहीर कुठे असेल याचा अंदाज घेत ट्रॅफिकमध्ये उभी राहिले आणि परत आले. वहिनी शेवटी धारवाडलाच गेल्या, तिथेच वारल्या. पण ते खूप नंतर, त्या पार थकल्यावर.

कमलक्का त्यांच्याआधी गेली. खांब रोवल्याला दोन वर्षं झाली होती. एका दुपारी ऑफिसात खुर्चीवर बसल्या जागी मान टाकली. रुक्मिणीबाईंनी मला ऑफिसात फोन केला. दिवसकार्य झालं, धारवाडचा भाऊ आला, चला म्हणाला. वहिनी गेल्या नाहीत. घर आहे, झाडं आहेत, एवढंच म्हणाल्या.

महिन्याभरानं त्यांचं कार्ड आलं. दिव्याचं थोडं काम आहे, ये. मी शनिवारी अर्धी सुट्टी होती तेव्हा गेले. त्यांनी चुलीपाशी बसवून उप्पिट खाऊ घातलं. मग मधल्या खोलीत नेलं आणि भिंतीवरचा दिवा दाखवला.

"हा काढून ने. मला एक पुरे, स्वयंपाकघरातला. हा कुठल्या तरी घरी लाव, जिथे दोन माणसं आहेत."

मी म्हटलं, राहू दे, असू दे. त्यांना कळलं नाही. माझं बोलणं अजूनही पळत होतं, आणि मधे घेऊन देणारं कुणी नव्हतं. मी स्टूल ओढलं, चढले, दिव्याला हात घातला. दोन स्क्रू होते. पहिला सैल केला. स्टुलावरून खाली त्या दिसत होत्या, वर तोंड करून उभ्या, पदर दोन्ही हातांत धरलेला. मी स्क्रू पुन्हा आवळला आणि खाली उतरले.

दिवा लावला. कमलक्काच्या जागेवर बसायला मला धीर होत नव्हता, पण चेहऱ्यावर उजेड फक्त तिथेच पडायचा. बसले. वहिनी समोर बसल्या. मी म्हटलं, "मी दर शनिवारी येईन. आठच्या बसनं परत जाईन."

त्यांनी मान हलवली, नाही कळलं. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा नाही. इतकं हळू बोलायची मला सवय नव्हती. कमी शब्दांत उरकून टाकायचं, एवढंच मला येत होतं. तिसऱ्यांदा मी एकेक शब्द सोडला आणि प्रत्येक शब्दानंतर थांबले. त्या पुढे वाकून माझ्या ओठांकडे बघत होत्या.

"आठ नाही," त्या म्हणाल्या. "बस पावणेआठलाच सुटते."